एकोणीस सेकंदांचा आवाज

माझा आवाज भसाडा आहे. लहानपणापासूनचा. फोनवर अनोळखी माणूस मला हमखास 'बोला भाऊ' म्हणतो, मग मी 'भाऊ नाही, ताई' असं सांगून कामाचं विचारते. मी जळगावात घरीच ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकांना माझा आवाज पाठ आहे, त्यामुळे त्याचं मला फारसं काही वाटत नाही. माझ्या लेकीला माझं नाक मिळालं नाही, केस मिळाले नाहीत, आवाज तेवढा जसाच्या तसा मिळाला. जन्मल्यावर ती पहिल्यांदा रडली तेव्हा दवाखान्यातली आया बाहेर जाऊन माझ्या सासूबाईंना मुलगा झाला म्हणून सांगून आली होती. आम्ही पुढे कित्येक वर्षं हे आठवून हसायचो.

आता हसत नाही. ती बोलायची थांबली त्याला पावणेचार महिने झाले. हो-नाही मानेनं करते. काही हवं असेल तर माझ्या मापाच्या वहीत लिहून दाखवते. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, म्हणाले, घशात काही नाही, घसा एकदम चांगला आहे. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला! घशात काही निघालं असतं तर औषध तरी देता आलं असतं.

हे कसं झालं ते मला सांगायचंय. त्यात माझा हात किती आहे तेही सांगायचंय, कारण बाकीचे सगळे माझ्या तोंडावर 'तुझी काय चूक' म्हणतात आणि ते खरं नाही.

माझं माहेर असोद्याचं. शाळेत असताना मला 'भोंगा' म्हणायचे. वर्गात मी उत्तर द्यायला उभी राहिले की मागच्या बाकावरून हळूच 'भोंऽऽ' असा आवाज यायचा आणि सगळा वर्ग खाली मान घालून हसायचा. चारजणी होत्या. त्यातली एक पुढारीण, आमच्या मागच्याच गल्लीतली, दोन जाड वेण्या आणि हात नेहमी कमरेवर. शाळा सुटली की चौघी माझ्या मागे लागायच्या. शाळेच्या फाटकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत. गिरणीपाशी आमची गल्ली सुरू व्हायची. तिथून पुढे त्या येत नसत, कारण तिथे माझ्या काकू, आत्या, सगळ्या दारात बसलेल्या असायच्या. मी शाळेतून निघाले की पावलं मोजत चालायचे. गिरणीचा पट्टा फिरताना दिसला की रडू फुटायचं, सुटल्याचं रडू.

कुणी म्हणेल, जुन्या काळी असलं चालायचंच, त्यात काय एवढं. त्यात पुष्कळ होतं. सहावीत असताना एकदा त्यांनी मला केळीच्या बागेपाशी पाटात लोटलं. पाणी गुडघाभर, पण मी तोंडावर पडले. दप्तर भिजलं. पुढारणीनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला आणि म्हणाली, "वाज आता, वाज." तिच्या हाताला चिंचेचा वास येत होता. तो वास आजही आला की मी नाकाला पदर लावते. त्या दिवशी मला मरावंसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

आईनं भिजलेली पुस्तकं बघितली आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. लगेच उठली नाही. दुपारचे चार वाजेपर्यंत थांबली, कारण चारला सगळ्या बायका धान्य निवडायला ओट्यावर बसतात. आमच्याकडे गाऱ्हाणं घरात नेत नाहीत, ओट्यावर नेतात. मग माझा हात धरून ती मागच्या गल्लीत गेली आणि त्या पोरीच्या घरासमोर उभी राहून ओरडली, "वो बाई, तुह्या पोरीनं माह्या पोरीले पाटात लोटलं. बाहेर ये अन् समद्यायसमोर बोल!" गल्लीतली सुपं थांबली. त्या पोरीची आई बाहेर आली, खाली मान घालून ऐकलं, आणि आत जाऊन पोरीला वेणीला धरून बाहेर आणलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. लाज ज्याच्या दारात पडायची त्याच्याच दारात पडली. दुसऱ्या दिवसापासून शाळा ते गिरणी हा रस्ता माझा मोकळा झाला.

भोंगा हे नाव मात्र लगेच गेलं नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धुळ्याला मामाकडे जायचे आणि तिथे मला कुणी भोंगा म्हणून ओळखत नसे. मामी म्हणायची, "काय गोड आवाज शे माय, पलीकडला वावरमा ऐकू जाई!" धुळ्याच्या गल्लीत मी दीड महिना गळा फाटेस्तोवर ओरडत खेळायचे. जळगावची गाडी सुटली की मागचं सगळं मागे राहायचं, असा माझा पक्का समज झाला होता.

त्या पुढारणीचं सांगायचं राहिलं. तिला असोद्यातच दिलं. तिच्या शेतात भरताची वांगी होतात, मोठी, हिरवट-पांढरी, आणि दर हिवाळ्यात माझ्या भावाच्या शेतात भरताचं जेवण असतं तेव्हा वांगी तिच्याकडून येतात. तीही जेवायला असते. दोन वर्षांपूर्वी पुऱ्या लाटता लाटता ती मला एकदम म्हणाली, "लई तरास देल्ला वं मी तुले." मी म्हटलं, जाऊ दे आता. आणि खरंच गेलं. चिंचेचा वास तेवढा राहिला.

यंदाचं भरीत जानेवारीत झालं. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी, धूर, पंचवीस-तीस माणसं. माझा भाऊ वांगी भाजत होता आणि गप्पांच्या नादात त्यानं अर्धी करपवली. माझी लेक ओढणी कमरेला खोचून, हातात मुसळी घेऊन ठेचायला बसली होती. एरवी ती शहरातली, अकरावी सायन्सची, चांगलं शुद्ध बोलणारी. पण असोद्याला आली की तिची जीभ बदलते, 'ळ'चा 'य' होतो. तिनं एक काळंठिक्कर वांगं उचललं आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल अशा आवाजात मामाला झापलं, "ओ मामा, वांगे भाजू राह्यले का जायू राह्यले? भरीत खायाचं आहे मले, कोयसा नाही!" आणि हसली. तिच्या नाकाला राख लागली होती. सगळं शेत हसलं. मामाच सगळ्यात जास्त हसला.

मी व्हिडिओ काढत होते. एकोणीस सेकंदांचा.

माझं स्टेटस म्हणजे माझं दुकान आहे. नवीन गळा, नवीन बाही, लटकन, सगळं मी तिथे टाकते आणि गिऱ्हाईक तिथूनच येतं. हजारभर बायकांचे नंबर माझ्या फोनमध्ये असतील. त्या संध्याकाळी परत येताना रिक्षात बसल्या बसल्या मी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला आणि वर लिहिलं, 'माझी वाघीण'. लेक माझ्या शेजारीच बसली होती, बाहेर बघत. मी तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाही, माझीच तर पोर. रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत फोनवर ढिगानं लाल बदाम आले. मी कणीक मळता मळता एक बोट पुसून पुसून बघत होते आणि फुगत होते.

चौथ्या दिवशी ती कॉलेजातून आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. जेवायला उठली नाही. मैत्रिणीनं तिला एक स्टिकर दाखवलं होतं. तिचाच चेहरा, नाकाला राख, तोंड उघडं, खाली लिहिलेलं 'कोयसा'. वर्गाच्या ग्रुपवर कुणाला काही जळजळीत उत्तर द्यायचं असलं की ते स्टिकर टाकत होते. मी म्हटलं, असू दे गं, दोन दिवसांत विसरतील. मला भोंगा म्हणायचे, मी मेले का?

दोन दिवसांत कुणीतरी तिचा आवाज व्हिडिओपासून वेगळा काढला. मग तो आवाज कशावरही बसायला लागला. जळालेल्या पोळीवर, मिशीवाल्या आजोबांवर, रेड्यावर, उन्हात काळवंडलेल्या क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर. एक गिऱ्हाईक बाई माप द्यायला आली होती, तिनं मला दाखवलं, एक नवरा करपलेला डोसा घेऊन उभा आहे आणि त्याच्या तोंडून माझ्या लेकीचा आवाज येतोय. आणि मी हसले. ओळखलं होतं मी, तरी हसले, कारण ते होतंच तसं. टेप माझ्या हातात होती आणि आतल्या खोलीत माझी पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं माझं हसू ऐकलं असणार, आमचं घर केवढंसं.

खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते तिनं सगळं वाचलं होतं. पोरगी आहे का पोरगा. हिच्याशी लग्न करेल तो बहिरा असेल. याच्यापुढचं मी इथे लिहीत नाही. लिहिणारे कोण होते? एकाच्या फोटोत देव, एकाच्या फोटोत त्याची स्वतःची लहान मुलगी मांडीवर. मी एकेकाचं नाव उघडून बघायचे, गाव बघायचे, आपल्या ओळखीचं कोण आहे का म्हणून. कुणीच नाही. मला छळणाऱ्या चौघी होत्या आणि चौघींची घरं मला माहीत होती. हिला मोजताच येईना.

तिच्या तोंडावर मात्र कुणी काही बोललं नाही. हे मला समजायला फार वेळ लागला. कॉलेजात सगळे तिच्याशी गोडच वागत होते. त्यामुळे ती प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघायची आणि विचार करायची, यानं बघितलंय का. शिकवणारे सर, बसचा कंडक्टर, कोथिंबीरवाली. मी तिचा फोन काढून घेतला, म्हटलं, दिसणारच नाही तर त्रास कसला. तर ते आणखी वाईट झालं. फोन होता तोवर तिला निदान कळत तरी होतं. आता तिला वाटायला लागलं की सगळं जग तिच्या पाठीमागे हसतंय आणि तिला एकटीलाच ऐकू येत नाहीये. संडासात जाऊन ती कडी लावून तासतासभर बसायची. मी बाहेर उभी. माझ्या वेळी गिरणी तरी होती. हिला आम्ही कुठवर पोचवणार होतो?

स्टिकर पहिल्यांदा करणारा मुलगा सापडला. तिच्याच वर्गातला, माझ्याच एका गिऱ्हाइकाचा मुलगा. त्याच्या आईनं माझं स्टेटस बघितलं, घरात सगळ्यांना दाखवलं, त्यानं ते तिच्या फोनवरून घेतलं. मी आणि माझे मिस्टर संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मिस्टर दालमिलमधून तसेच आलेले, अंगावर डाळीची भुकटी. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, समोरासमोरची दारं बंद. मी मनात आईसारखं ओरडायचं ठरवून गेले होते. पण ओरडणार कुठे? तिथे ओटाच नव्हता.

त्यांनी चहा ठेवला. मुलगा बाहेर आला, चष्म्यातला, बारीक, घाबरलेला. म्हणाला, "काकू, मी फक्त स्टिकर केलं होतं, वर्गाच्या ग्रुपवर. आवाजाचं मला माहीत नाही. पुढे कुणी काय केलं ते मला खरंच माहीत नाही." आमच्यासमोर त्यानं फोनमधून सगळं काढून टाकलं आणि रडायला लागला. खरं रडत होता. मला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून माझाच संताप आला, कारण मी तिथे कुणाला तरी मान खाली घालायला लावायला गेले होते आणि ती घालूनही काही होणार नव्हतं. माझ्या वेळी पुढारणीचा हात थांबला की छळ थांबत होता. इथे हा पोर माझ्यासमोर रडत होता आणि बाहेर ते चालूच होतं.

निघताना त्याची आई दारात म्हणाली, "ताई, राग नका मानू. पण स्टेटसला तर तुम्हीच ठेवलं होतं ना."

मिस्टर अंगावरची डाळीची भुकटी झटकत जिना उतरले. मला वाटलं, बोलावं यांनी, शिव्या द्याव्यात.

घरी आले आणि मी तेच केलं जे माझ्या आईनं केलं असतं. सगळ्यांना सांगायचं ठरवलं. सगळ्यांना कळलं की लाज त्यांच्या दारात पडेल, हे माझ्या हाडात बसलेलं. मशीनवर बसून मी लिहिलं: 'ही माझी मुलगी आहे. तिचा आवाज जन्मापासून असाच आहे. ती हुशार आहे, साधी आहे. तिची चेष्टा करू नका, ती जेवत नाही. हा व्हिडिओ कुणाकडे आला तर डिलीट करा.' कोणता व्हिडिओ ते लोकांना कळावं म्हणून खाली तो व्हिडिओ जोडला, 'माझी वाघीण' या शब्दांसकट. खरी आई लिहितेय हे पटावं म्हणून तिचं कॉलेज लिहिलं, माझा नंबर लिहिला. आणि शेवटी, देवा, माझ्या हातानं मी लिहिलं, 'कृपया जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' आमच्या समाजाचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, भिशीचा, गिऱ्हाइकांचा, सगळीकडे टाकलं. दहा मिनिटांत हात जोडलेली चित्रं यायला लागली. मला हलकं वाटलं. मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

लोकांनी ऐकलं माझं. माणसं वाईट नसतात, त्यांनी खरंच पोहोचवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचोऱ्याहून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला, आमच्याकडे आलाय गं, आम्ही पुढे पाठवला. संध्याकाळी चाळीसगावहून नणंदेचा. तोपर्यंत तो नुसता एक आवाज होता, कुठल्यातरी गावठी पोरीचा. आता आवाज, चेहरा, कॉलेज आणि आईचा नंबर, सगळं एका जागी शिवून मी लोकांच्या हातात दिलं होतं. चांगली घट्ट टीप मारून. अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. उचलला की पलीकडून कुणीतरी घोगरा आवाज काढून म्हणायचं, 'वाघीण आहे का घरात?' आणि मागे पाचसहाजण हसायचे. मी 'हॅलो' म्हटलं की आणखी हसायचे, कारण माझाही आवाज तोच.

लेकीला मैत्रिणीच्या घरी तो मेसेज दिसला. ती आली तेव्हा मी दारातच उभी होते, हातात फोन, तिला काहीतरी समजावणार होते. तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मम्मी, आधी फोन खाली ठेव."

मी ठेवला. मशीनच्या फळीवर, पालथा. मग ती बोलेल म्हणून थांबले. ती आत गेली. ते तिचं शेवटचं वाक्य.

पहिले आठ दिवस मला वाटलं, रुसली आहे. मी तिच्या आवडीचं केलं, रागावले, पाया पडले, एकदा तर थोबाडीत मारली. मारल्यावरही आवाज आला नाही तिचा. पोलिसांकडे गेलो, त्यांनी नीट बसवलं, लिहून घेतलं, म्हणाले, सगळ्या लिंक आणा. मी चार दिवस बसून लिंका गोळा केल्या. एकेक उघडायची, तो आवाज ऐकायचा, उतरवून घ्यायचं, पुढची. काही निघाल्या, काही नव्या आल्या. माझ्या फोनमधला व्हिडिओ मी त्याच आठवड्यात पुसला. भावाच्या, वहिनीच्या, सगळ्यांच्या फोनमधला पुसायला लावला. लोकांना डिलीट करा म्हणते तर आपल्यापासून सुरुवात करावी. जुनेही पुसले, तिच्या वाढदिवसांचे, गॅदरिंगचे. कसलं भूत शिरलं होतं माझ्यात कोण जाणे. तिचा आवाज असलेलं जे जे दिसलं ते मी पुसत सुटले.

लेखी परीक्षा तिनं दिली. तोंडी परीक्षेच्या दिवशी ती कपडे करून खाटेवर बसून राहिली.

मग मला धुळं आठवलं. दुसरं काही सुचतच नव्हतं. मामी आता म्हातारी झालीय, मामा नाहीत, पण घर तेच, गल्ली तीच. बारावीचे क्लास एप्रिलमध्येच सुरू होतात, तिथे नाव घातलं. तिला सोडायला गेले तेव्हा मामीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "बेटा, तू आठे ऱ्हाय. आठे तुले कोनी वळखत नही." लेकीनं मान हलवली. परतीच्या गाडीत मला किती महिन्यांनी झोप लागली. नव्वद किलोमीटर म्हणजे पुष्कळ वाटले मला. मी पुन्हा सहावीतली पोर होऊन हिशेब करत होते.

तीन आठवडे बरे गेले. मामी फोनवर सांगायची, भांडी घासू लागते, पापड लाटते, एकदा मांजराशी ओठ हलवताना दिसली. त्या मांजराच्या बातमीवर मी दोन दिवस जगले. मग क्लासमध्ये बाकावरच्या एका मुलीनं आपल्या फोनकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं आणि अगदी हळू, गोड हसून विचारलं, "कोयसा?" लेक वह्या तिथेच टाकून चालत घरी आली आणि कोठीच्या खोलीत जाऊन बसली. मामीचा फोन आला, तिचं रडणं आवरेना. "ती काईच खात नही माय. तू ये. मन्हा हात टेकना."

मागच्या मंगळवारी मी तिला आणायला निघाले. आणून काय करणार हे मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. मे महिन्यातलं दुपारचं ऊन, एसटीच्या खिडकीची दांडी हात लावू देईना. मी नवस बोलत होते, कुणाला ते कळत नव्हतं. शिवणकाम सोडते, फोन तापीत टाकते, माझा आवाज घे हवा तर, तिचा दे.

एरंडोलला एक बाई चढली आणि माझ्या शेजारी बसली. माझ्याच वयाची, डोक्यावर ओला रुमाल, हातात पिशव्या. मुलीच्या बाळंतपणाला धुळ्याला निघाली होती. चांगली बाई. बसल्या बसल्या मला पाणी दिलं, पोरीला कितवा महिना, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगितलं. पारोळा गेल्यावर तिनं फोन काढला आणि बघत बसली. थोड्या वेळानं पदर तोंडावर धरून हसायला लागली, हसता हसता डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "ताई, हे बघा ना, किती मस्त आहे." आणि फोन माझ्यापुढे धरला.

कुणाच्यातरी स्वयंपाकघरात कढईतून धूर निघत होता. "ओ मामा, वांगे भाजू राह्यले का जायू राह्यले? भरीत खायाचं आहे मले, कोयसा नाही!"

आणि मग ती हसली. शेवटी, दोन सेकंद. तो हसण्याचा तुकडा बहुतेक जण कापून टाकतात, लिंका गोळा करताना मी कुठेच ऐकला नव्हता. यात तो राहिला होता. तिचं ते खडखडीत, गडगडत येणारं हसू, शेवटी श्वास ओढून घेतल्यासारखं. ते मी विसरले होते. पावणेचार महिन्यांत मी माझ्या पोरीचं हसू विसरले होते, आणि माझ्याजवळ ते कुठेच नव्हतं, मी स्वतः पुसलं होतं.

माझ्या आईनं तिथल्या तिथे गाडी डोक्यावर घेतली असती. मला ओरडायचं होतं, ही माझी लेक आहे, बंद कर ते. मी तोंड उघडलं.

"परत लावा ना एकदा," मी म्हटलं.

तिनं लावलं. मी डोळे मिटून ऐकलं.

"अगं बाई," ती कौतुकानं म्हणाली, "तुमचा आवाज अगदी तिच्यासारखाच आहे हो! आवडलं ना? पाठवू का तुम्हाला? सांगा नंबर."

मी नंबर सांगितला.